डावा दिवा

आमच्या पलूस भागात ज्याच्या घरात व्हाइस नाही असं जुनं घर शोधावं लागेल. कारण उघड आहे. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना आणला आणि कुंडल रोड नावाच्या स्टेशनाचं पुढं किर्लोस्करवाडी झालं. त्यानंतर तीन पिढ्या आसपासच्या गावांतली माणसं सायकलवरून 'वाडीला' कामाला गेली. कुणी ओतशाळेत, कुणी लेथवर. येताना डब्याबरोबर एक सवय घेऊन आली. मोडलेली वस्तू टाकायच्या आधी उघडून बघायची.

आमचे आप्पा तपासणी खात्यात होते. घरचं मिक्सर, पंखा, विहिरीवरचा पंप, कशालाही त्यांनी बाहेरचा माणूस लावला नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पाने धरायला त्यांच्याकडंच शिकलो. म्हणून 2012 च्या जानेवारीत माझी मारुती 800 ठोकली गेली तेव्हा ती गॅरेजला न्यायची असं आमच्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गाडी 2001 ची, दुसऱ्या हाताची. विमा फक्त थर्ड पार्टी. आमच्या खर्चाला विम्याचा एक पैसा मिळणार नव्हता.

ठोकलं कसं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तासगावहून लग्न आटपून येत होतो. रात्रीचे साडेनऊ-दहा. उसाचा हंगाम, रस्त्यावर पाचट पडलेलं. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, दिवे सरळ डोळ्यांत. मी माझा दिवा डिपरवर घेतला. ट्रॅक्टर बाजूनं गेला, आणि त्याच्या धुळीतून एकदम उसाची भिंत पुढं उभी. टायरची बैलगाडी, दीड माणूस उंच भरलेली. ब्रेक मारला की नाही तेसुद्धा आता आठवत नाही. माझी डावी बाजू तिच्या उजव्या चाकावर गेली. गाडी पुढं ढकलली गेली, जू मुरगळलं आणि डावा बैल खाली बसला तो उठलाच नाही.

मला आणि सौ.ला खरचटलंसुद्धा नाही. गाडीवान उडी मारून बैलाच्या तोंडाशी गेला. त्याची बायको मागून दुसऱ्या गाडीवर होती, ती पळत आली. बीडकडची जोडी. दोघांचाही आवाज नव्हता. बैलाचाच तेवढा होता.

लोक जमले. तसं झालं की आमच्याकडं पाच मिनिटांत पंचायत बसते, रस्त्याच्या कडेला, मोटरसायलींच्या उजेडात. पहिला प्रश्न आला, गाडीला मागं कंदील होता का? रिफ्लेक्टर होता का? नव्हता. दुसरा प्रश्न मला. गुरुजी, तुमचे दिवे? मी म्हटलं, "दोन्ही चालू होते की. माझे दिवे चालूच होते."

'गुरुजी' म्हटल्यावर पुढं कोण विचारतो? चूक गाडीवानाची ठरली. तरी गरीब माणूस आहे, हंगाम अर्धा आहे, म्हणून गुरुजींनी माणुसकी म्हणून बैलाच्या औषधाला काहीतरी द्यावं असं ठरलं. मी तीन हजार दिले. तो गाडीवान दोन्ही हात जोडून मला म्हणाला, "चुकलं माझं साहेब. कंदील पायजे हुता." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते आठवलं की आजही माझा तो हात कुठं ठेवावा कळत नाही.

पोलिसांत कुणी गेलं नाही. तडजोड झाली की जायचं कशाला, अशी आपली रीत. मोटार कायद्यानं जो विमा सक्तीचा ठेवलाय तो मुळी गाडीवाल्यासाठी नाहीच, समोरच्यासाठी आहे. तो कागद माझ्या गाडीच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला होता, आणि तिथं जमलेल्या वीस-पंचवीस जणांत एकालाही, मलासुद्धा, त्याची आठवण झाली नाही.

तर दुरुस्ती. दारातल्या चिंचेखाली गाडी ढकलत आणली. दहाचा गोटी पाना आणि बाराचा रिंग पाना, एवढ्यावर मारुतीचं पुढचं निम्मं अंग सुटतं. ही त्या गाडीची मोठी भलाई. बंपर काढला, बॉनेट काढलं, डावा मडगार्ड काढला. रेडिएटर चेपलेला, तो सांगलीहून जुना आणला. पुढची आडवी पट्टी आत आली होती. तिला साखळी अडकवली, साखळीचं दुसरं टोक चिंचेच्या बुंध्याला, आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकून हळूहळू क्लच सोडला. पट्टी करकरत सरळ झाली. शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

आप्पांना वाटलं नाही. ते खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "सरळ दिसतंय. पण पहिल्यासारखं हाय असं समजू नको." आणि मग त्यांनी मला बीड आणि पोलाद यांतला फरक सांगितला, जो मी पुस्तकातून शिकवत होतो पण हातानं कधी समजून घेतला नव्हता. बिडाला जास्त भार आला तर ते सरळ तुटतं. वाकत नाही. तुटलं की सगळ्यांना दिसतं. पोलादी पत्रा वाकतो. परत ठोकून सरळही होतो, पण जिथं घडी पडली तिथं तो कडक झालेला असतो. दुसऱ्यांदा मार बसला तर तो पहिल्यासारखा हळूहळू दुमडून धक्का अंगावर घेईल याची खात्री नाही. वरून पुटी आणि रंग दिला की हे कुणाला कळत नाही.

स्टिअरिंगचा टाय रॉड जरासा वाकला होता. मी म्हटलं, स्टोव्हवर तापवून ऐरणीवर सरळ करतो, दोन-चारशे वाचतील. आप्पा खुर्चीतून उठले. "तापवलास तर त्याचं पाणी उतरंल. तू एकटाच बसणार हायस का गाडीत?"

स्वतःच्या हातानं दुरुस्ती करणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार अवघड आहे. आपलं आपण करण्यात एक मोठेपणा आहे, कुणाचे उपकार नाहीत, पैसे वाचतात, डोकं चालतं. पण आपण जो धोका पत्करतो तो बहुतेक वेळा आपल्या एकट्याच्या अंगावर नसतो. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाईला टाय रॉड काय असतो ते माहीत नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवून दार लावून घेते. रस्त्यावरून समोर येणाऱ्याला तर तेवढंही विचारलेलं नाही. रंग चुकला तर ती माझी हौस, स्टिअरिंग चुकलं तर दुसऱ्याचा जीव. मी नवा रॉड आणला. चाकांचा कोन दोरी ताणून मोजला आणि तरीही, घरचा हिशेब मोडून, नंतर सांगलीला यंत्रावर तपासून घेतला. ही आमच्या घरातली बाहेरच्या हाताची पहिली दुरुस्ती.

दिव्याकडं मी फेब्रुवारीत आलो. डाव्या दिव्याचा चुरा झाला होता. नवा आणलाच होता, त्यामुळं जुना नुसता ओढून काढून भंगाराच्या पोत्यात टाकायचा होता. टाकताना बल्ब हातात आला. त्याची काच फुटलेली, आतल्या तारा उघड्या.

दहावीला दरवर्षी मी एक प्रश्न विचारतो. बल्बमध्ये आरगॉन किंवा नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू का भरतात? पोरं पाठ उत्तर देतात, टंगस्टनची तार हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळू नये म्हणून. बरोबर. म्हणजेच उलट बाजूनं असं, की पेटता बल्ब फुटला तर तापलेल्या तारेला हवा लागते, ती काळीनिळी पडते आणि आजूबाजूला पांढुरकी-पिवळसर भुकटी बसते. विझलेला बल्ब फुटला तर तार थंड असते. तिला काही होत नाही, ती चकचकीत राहते. अपघाताचा तपास करणारे लोक याच खुणेवरून सांगतात की धडकेच्या वेळी दिवा लागलेला होता की नव्हता.

मारुतीच्या बल्बमध्ये तारा दोन असतात. एक लांबच्या उजेडाची, दुसरी डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते, त्यावरून ती ओळखायची. मी भिंग आणलं. लांबच्या उजेडाची तार अखंड होती, चकचकीत. ते ठीक, कारण त्या वेळी मी डिपरवर होतो. वाटीवरची तार मात्र मधेच तुटलेली, आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना मोहरीहूनही बारीक गोळे. वितळून झालेले. धक्क्यानं तुटलेल्या थंड तारेला गोळे येत नाहीत. ती तार आधीच, केव्हातरी, आपली आपण जळून गेलेली होती. पांढरी भुकटी कुठंच नव्हती, ना वाटीवर, ना आरशाच्या तुकड्यांवर.

म्हणजे त्या रात्री ट्रॅक्टर समोर आल्यावर मी शहाण्यासारखा डिपर दिला, आणि त्या क्षणी माझी डावी बाजू अंधारात गेली. लांबच्या उजेडावर दोन्ही दिवे लागत होते म्हणून मला कधी कळलं नाही. कळलं नाही म्हणतो खरं. दिवाळीत सौ. म्हणाली होती, "अहो, भिंतीवर एकच दिवा पडतोय." मी म्हटलं होतं, बघतो. शंभर-सव्वाशे रुपयांचा बल्ब.

मी बल्ब पोत्यात टाकायला गेलो. आप्पांनी हात पुढं केला. त्यांनी तो भिंगातून बघितला, बराच वेळ. मग घरात जाऊन वॉशर ठेवायची पत्र्याची डबी आणली, आतले वॉशर दुसरीकडं ओतले आणि बल्ब कापसात गुंडाळून तीत ठेवला. म्हणाले, "आमच्याकडं तुटलेला भाग लगेच भट्टीत टाकत नव्हते. का तुटला ते कळंपर्यंत कपाटात ठेवायचे." मला काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. डबी मात्र माझ्या टेबलावर ठेवली.

मी विज्ञानाचा मास्तर. मनाला पळवाट हवी असली की प्रयोग करायचा. गाडी चालू झाल्यावर एका रात्री शेताच्या रस्त्यावर उसाची मोळी उभी केली, मोटरसायकल समोर दिवा लावून ठेवली आणि एकदा दोन्ही डिपर लावून, एकदा डाव्याची वायर काढून, मोळी किती पावलांवरून दिसते ते मोजलं. दोन्हींत चाळीस पावलं. एकात अठरा. ताशी पन्नासच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जाते, आणि डोळ्यानं बघून पाय ब्रेकवर जायलाच तेवढा सेकंद लागतो. थांबायला आणखी चौदाएक मीटर. चाळीस पावलं म्हणजे माझ्या पायांनी तीस मीटर. अठरा म्हणजे साडेतेरा. दोन दिवे असते तर मी थांबलो असतो, नाहीतर नुसता टेकलो असतो. पळवाट मिळाली नाही.

आता इथं एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी वर्षभर वेगवेगळं देत होतो. त्या रात्री मी खोटं बोललो का? मला खरोखर वाटत होतं की दोन्ही चालू आहेत. वाटलं ते बोललो. याला खोटं म्हणत नाहीत. पण ते 'वाटणं' कुठून आलं? बघितलं नाही म्हणून वाटलं. जे बघणं माझं काम होतं, आणि सांगूनही जे मी बघितलं नाही, त्याविषयी 'मला ठाऊक नव्हतं' हे म्हणणं फारसं स्वच्छ नाही. शिवाय मी "बहुतेक होते" असं म्हणालो नाही. "चालूच होते" म्हणालो. त्या 'च'वर पंचायतीनं निकाल दिला.

बरं, गाडीला कंदील नव्हता ही त्याची चूक होतीच की, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. होती. पण दुसऱ्याच्या चुकीनं आपली चूक वजा होत नाही. दोन्ही तिथंच राहतात. फरक इतकाच की त्याची पंचवीस माणसांसमोर मांडली गेली आणि माझी एका डबीत होती.

तरी हे सगळं एका बाजूला ठेवतो, कारण खरी गोष्ट याहून साधी आहे. बल्ब सापडला तेव्हा हंगाम चालू होता. त्यांच्या टोळीचा तळ माझ्या घरापासून दोन-अडीच किलोमीटरवर होता. शाळेला जाता-येता मला त्यांच्या पालांचा धूर दिसायचा. त्या आधीचं अज्ञान होतं, मान्य. त्या दिवसापासून नव्हतं. मार्च संपता संपता टोळी गेली आणि मी तोपर्यंत एकदाही गेलो नाही. रोज काहीतरी असायचं, दहावीचं प्रात्यक्षिक, मग परीक्षा, मग द्राक्षाच्या बागेचं काम. खरं कारण म्हणजे मला परत त्या पंचवीस माणसांसमोर जावं लागेल अशी भीती. गावात 'गुरुजी' हा शब्द मी तीस वर्षं अंगावर वागवला होता. त्याला पोचा पडलेला मला चालणार नव्हता. मडगार्डाला मी पुटी लावत होतो ना, तेच.

आप्पा जूनमध्ये गेले. डबी टेबलावरच होती.

नोव्हेंबरात टोळ्या परत आल्या. मी मुकादमाकडं चौकशी केली. तीच जोडी आली होती, पण यंदा बैलगाडीवर नाही, ट्रॅक्टरच्या टोळीत. एका रविवारी दुपारी गेलो. तळावर दोन-तीनच माणसं होती. ती पालापुढं भाकरी थापत होती. तो बाजेवर बसून कोयत्याला धार लावत होता. मला बघून उठला, परत हात जोडायला लागला. मी म्हटलं, "बसा. मीच बोलायला आलोय."

काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. बल्ब काढून दाखवला. इथली तार आधीच जळाली होती, माझा हा दिवा लागलेला नव्हता, लागला असता तर गाडी मला दिसली असती. एवढंच सांगितलं. टंगस्टन-बिंगस्टन काही नाही.

त्यानं बल्ब हातात घेतला, उलटसुलट केला. मला नाही, बायकोला म्हणाला, "ऐकलंस का?"

ती काही बोलली नाही. मग तोच सांगायला लागला. त्या रात्री गाडीला कंदील होता. त्यानं स्वतः लावला होता, मागच्या वाढ्याला बांधून. कुठंतरी वाटेत विझला असेल नाहीतर पडला असेल. पंचायतीत त्यानं ते सांगितलं नाही, कारण कंदील दाखवा म्हटलं असतं तर दाखवायला नव्हता, आणि चूक कबूल केली की लोक लवकर सोडतात हे त्याला ठाऊक होतं. पण बायकोचा त्यावर विश्वास बसेना. ती म्हणायची, तुम्ही लावलाच नव्हता, रॉकेल वाचवलंत. बैलाचा मागला खुबा निखळला होता. तो बरा झालाच नाही, आठवडी बाजारात मिळेल त्या किमतीला गेला. मग एकट्या बैलाचं काय करायचं म्हणून दुसराही विकला. मुकादमाची उचल अंगावर राहिली. वर्षभर घरात एकच भांडण. कंदील.

"परत एकदा सांगा हिला," तो म्हणाला. "दिवा तुमचा नव्हता ना?"

मी परत सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "ह्येंचा कंदील असंल नसंल," ती म्हणाली, "पण एवढं दिस मीच बोलत हुते ह्येंना."

मी पैशाचं काढलं. मुकादम केव्हा येऊन मागं उभा राहिला होता कोण जाणे, तो म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडं द्या. ह्यांच्या उचलीत वळते करतो." त्याचं हिशेबानं चुकीचं नव्हतं. उचल होतीच. पण ती चुलीपासून उठली, पीठ लागलेले हात लुगड्याला पुसले आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"माझ्या हातात द्या. बैल माझ्या बानं दिला हुता."

मी वीस हजार नेले होते. दुसऱ्या बैलाची त्यांत भरपाई होत नव्हती, ते तिला आणि मला दोघांनाही कळत होतं. बाकीचे पुढच्या पगाराला देतो म्हटलं. तिनं नोटा एकदा मोजल्या, बोट थुंकीनं ओलं केलं आणि परत पहिल्यापासून मोजायला लागली.

"राग मानू नका, गुरुजी," ती म्हणाली. "मोजून घेतलेलं बरं."